परदेशात, घरात दोनच मोठी माणसं, आणि फ्लूची साथ : तुम्ही काय ठरवून ठेवलंय?

उंबरठा

बरेच दिवस मनात होतं, आज बसून लिहितेच. २००९ मध्ये एच१एन१ची साथ आली, आपण सगळे स्वाइन फ्लू म्हणायचो ती, तेव्हा आम्ही परदेशात नवीनच होतो. मी, नवरा आणि तीन वर्षांची लेक. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जूनला पॅनडेमिक जाहीर केलं तेव्हा ती ७४ देशांत पोचली होती, आमच्या घरात आली ऑक्टोबरमध्ये. आधी नवरा पडला. दुपारी ऑफिसात ठणठणीत आणि संध्याकाळी अंगात सणसणून ताप, हाडं ठेचल्यासारखी अंगदुखी. मी म्हटलं मी आहे की. तिसऱ्या दिवशी पहाटे मलाच हुडहुडी भरून आली, आणि लेक उठून बसली, आई भूक लागली म्हणून.

ती सकाळ अजून डोळ्यांसमोरून जात नाही. भिंतीला धरून धरून किचनपर्यंत गेले, खाली फरशीवर बसूनच कपात दूध ओतलं, अर्धं बाहेर सांडलं, ते पुसायला हात उचलेना म्हणून त्यावर टॉवेल टाकला आणि तिथेच आडवी झाले. लेक शेजारी बसून दुधाने ओला झालेला हात माझ्या कपाळावर ठेवत होती. थर्मामीटरचा सेल संपलेला, तिच्या तापाच्या औषधाच्या बाटलीत तळाला दोन चमचे उरलेले, तिचं आताचं वजन किती ते आम्हा दोघांनाही सांगता येईना, डॉक्टरांचा नंबर नवऱ्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये. आणि फोन करून "जरा येतेस का गं" म्हणावं असं जवळ कोणीच नाही. दोन दिवसांनी लेकीलाही ताप आला.

आम्ही तिघंही बरे झालो. पण त्या देशात औषधं होती, डॉक्टर होते, सगळं होतं, फक्त आमच्या घरात त्या वेळी उठून उभं राहू शकेल असं माणूस नव्हतं. म्हणून विचारतेय, मास्क-सॅनिटायझरवर तर बोलूच, पण दोघं एकदम झोपलात तर काय, हे कोणी ठरवून ठेवलंय का?

काडेपेटी

धागा चांगला आहे, पण मला खरंच प्रश्न पडतो की फ्लूचा एवढा बाऊ करायची गरज आहे का? दरवर्षी होतो, चार दिवस पडून राहतो, बरा होतो. कोणाला दुखवायला लिहीत नाहीये, समजून घ्यायचंय.

ओपीडी

काडेपेटी, प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर आहे, दोन वेगवेगळ्या देशांत काम केलंय, थोडं सविस्तर लिहितो.

नेहमीचा फ्लू आणि साथीचा फ्लू यात फरक असा की नेहमीच्या विषाणूशी आपल्या शरीराची थोडीफार ओळख असते. इन्फ्लुएन्झा ए या फ्लूच्या विषाणूच्या प्रकारामध्ये अधूनमधून असा एखादा नवा अवतार येतो की जगातल्या बहुतेकांच्या शरीराने तो कधी बघितलेलाच नसतो, मग तो झपाट्याने पसरतो. १९१८, १९५७, १९६८ आणि २००९, अशा चार मोठ्या साथी गेल्या शंभरेक वर्षांत झाल्या. चारही वेगळ्या. १९१८ च्या साथीत जगभरात पाच कोटींच्या आसपास माणसं गेली असा अंदाज आहे. २००९ ची त्यामानाने पुष्कळ सौम्य, पण तिच्यात एक उलटी गोष्ट घडली. एरवी फ्लूने दगावणारे बहुतेक पासष्टीच्या पुढचे असतात, त्या साथीत अंदाजे ८० टक्के मृत्यू पासष्टीच्या आतल्या लोकांचे होते. म्हातारी माणसं लहानपणी तशाच प्रकारच्या विषाणूला सामोरी गेलेली असल्याने त्यांना थोडं संरक्षण होतं. म्हणजे परदेशी राहणारं आपलं जे टिपिकल कुटुंब असतं, तिशी-पस्तिशीतले आईबाप, लहान मूल, कदाचित पोटात दुसरं, तेच बरोब्बर तडाख्यात येऊ शकतं. "आम्ही तरुण आहोत, आम्हाला काय होतंय" हे साथीत चालत नाही.

दुसरं, लागण झाल्यापासून साधारण एक ते चार दिवसांत लक्षणं दिसतात, आणि लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस दुसऱ्याला देऊ शकतो. पुढे पाच ते सात दिवस, लहान मुलं तर त्याहून जास्त दिवस. उंबरठा यांच्या घरी जे झालं ते अगदी पुस्तकातल्यासारखं आहे, एक पडला की दोन-तीन दिवसांनी दुसरा. दोघं एकदम आजारी पडणार असं धरूनच चालायचं.

वाटसरू७

महिन्यातले दहा-बारा दिवस मी प्रवासात असतो, म्हणून विमानाबद्दल लिहितो. लोक केबिनमधल्या हवेला घाबरतात पण ती हवा बऱ्यापैकी स्वच्छ असते, मोठ्या विमानांत हेपा फिल्टर (हवेतले अगदी बारीक कण अडवणारे) असतात, तासाला वीसेक वेळा तरी हवा बदलते आणि ती वरून खाली वाहते, पुढून मागे नाही. धोका असतो तो आपल्या आजूबाजूच्या दोन-दोन रांगांत कोणी खोकत असेल तर. आणि माझ्या मते खरा धोका विमानाबाहेर जास्त, चेक-इनची रांग, इमिग्रेशनची रांग, बसमध्ये खच्चून भरून विमानापर्यंत नेतात ते. तिथे लोक मास्क काढून निवांत उभे असतात आणि विमानात बसल्यावर लावतात. विमान गेटपाशी उभं असताना हवा खेळती नसते कधीकधी, तेव्हा तर मास्क हवाच.

मी खिडकीची सीट घेतो, येणाऱ्याजाणाऱ्यांचा संपर्क कमी येतो. समोरचा ट्रे, पट्ट्याचं बकल, स्क्रीन आणि हाताची दांडी बसल्याबसल्या पुसून घेतो. गुळगुळीत कडक वस्तूंवर फ्लूचा विषाणू २४ ते ४८ तास तग धरू शकतो. पण पुसण्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे हात तोंडाला, नाकाला, डोळ्याला न लावणं, आणि हे वाटतं तेवढं सोपं नाही. बायकोने एकदा एअरपोर्टवर नुसतं माझ्याकडे बघत बसून मोजलं होतं, दहा मिनिटांत सात वेळा.

सॅनिटायझर घेताना त्यात अल्कोहोल ६० टक्क्यांच्या वर आहे का बघा. हात दिसायला मळलेले असतील तर त्याचा उपयोग नाही, साबण आणि पाणीच, वीस सेकंद, अंगठे आणि नखांच्या कडा सुद्धा.

सांजवारा

>>धोका विमानाबाहेर जास्त

याला अनुमोदन. पण मला यापेक्षा कळकळीने एक सांगायचंय, ताप असताना तापाची गोळी घेऊन विमानात बसू नका हो. तिकिटाचे पैसे जातात, सुट्टी वाया जाते, सगळं कळतं. एअरपोर्टवर तापाचे कॅमेरे असतात ते गोळी घेतल्यावर काही पकडत नाहीत, आणि ज्याला लागण झालीये पण ताप अजून यायचाय त्यालाही पकडत नाहीत. म्हणजे ते शेवटी आपल्या प्रामाणिकपणावरच आहे. माझी बहीण सात महिन्यांची गरोदर होती, तिच्या शेजारी बसलेली बाई सबंध प्रवास खोकत होती आणि उतरताना म्हणाली, कालपासून ताप आहे पण गोळीवर ठीक वाटतंय. बहिणीला तिसऱ्या दिवशी ताप आला. सुदैवाने तिने लगेच डॉक्टरांना फोन केला, रिपोर्टची वाट न बघता तिला औषध चालू केलं, ती आणि बाळ दोघं सुखरूप आहेत. पण ते आठ दिवस आम्ही कसे काढले आमचं आम्हाला माहीत.

काडेपेटी

ओपीडी, धन्यवाद, हे वय वगैरे मला माहीत नव्हतं. मग टॅमिफ्लू आधीच आणून घरात ठेवावं का? प्रवासाला निघताना सोबत?

ओपीडी

सरसकट नको. ऑसेल्टामिविर (टॅमिफ्लू हे त्याचं ब्रँडचं नाव) लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर जास्त उपयोग होतो, म्हणून लोकांना वाटतं जवळ असलेलं बरं. पण मात्रा वजनावर, वयावर, किडनीवर ठरते, आणि प्रत्येक ताप काही फ्लू नसतो. मलेरिया किंवा डेंगीच्या भागातून आलात आणि ताप आला तर "फ्लूच असेल" म्हणून घरी गोळ्या खात बसणं महागात पडतं. तेव्हा डॉक्टरांना कुठून प्रवास करून आलात हे पहिल्या वाक्यात सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका. गरोदर असाल, दमा, मधुमेह, हृदयविकार असेल, घरात दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल, तर निघायच्या आधीच आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवून ठेवा की ताप आला तर काय करायचं. सांजवारा यांच्या बहिणीला ज्यामुळे फायदा झाला ते हेच, तिने वेळ घालवला नाही.

अँटिबायोटिकचा फ्लूवर काहीही उपयोग नाही, उरलेल्या गोळ्या खाऊ नका. फ्लूनंतर न्यूमोनिया झाला तर लागतात, पण ते डॉक्टर ठरवतील.

लसीबद्दल, नेहमीची फ्लूची लस दरवर्षी घ्याच, अंगात संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात म्हणून प्रवासाच्या आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही. उत्तर आणि दक्षिण गोलार्धाचे फ्लूचे मोसम उलटे असतात हेही लक्षात ठेवा, तुमच्याकडे उन्हाळा असला तरी जिथे जाताय तिथे ऐन मोसम असू शकतो. मात्र अगदी नवा विषाणू आला तर ही लस पुरेशी पडेलच असं नाही. २००९ मध्ये विषाणू एप्रिलमध्ये सापडला आणि त्याची वेगळी लस लोकांपर्यंत पोचायला शरद ऋतू उजाडला. तोवरचे महिने आपले आपल्यालाच काढायचे असतात.

पारिजात_म

मी औषधांच्या दुकानात काम करते (परदेशात, फार्मासिस्ट), रोज बघते म्हणून लिहिते. आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो तेच औषध अमेरिकेत असेटामिनोफेन नावाने मिळतं. लोक घरून आणलेली पॅरासिटामॉल घेतात, वर इथलं सर्दीतापाचं मिश्र औषध घेतात, रात्री झोपताना पिण्याचं आणखी एक, आणि तिन्हीत तेच औषध असतं! यकृतावर परिणाम होतो आणि सुरुवातीला कळतही नाही. दुखत असेल नसेल, लेबलवरचं घटकांचं नाव वाचल्याशिवाय दुसरं औषध घेऊ नका, आणि कधी किती घेतलं ते कागदावर लिहा, तापात वेळेचं भान राहत नाही.

लहान मुलांना आणि टीनएजर्सना ऍस्पिरिन देऊ नका, फ्लूमध्ये त्याने रेज सिंड्रोम नावाचा गंभीर त्रास होऊ शकतो. चार वर्षांखालच्या मुलांना खोकल्याचं-सर्दीचं सिरप आपल्या मनाने नको. तापाचं औषध वजनावर द्यायचं असतं, चमचा घरातला वापरू नका, बाटलीबरोबर येते ती सिरिंजच वापरा.

आणखी एक, औषधं डब्या-पुड्यांत भरून आणू नका, मूळ पाकिटात आणा, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आणि तिच्यावर औषधाचं मूळ नाव, ब्रँडचं नाव दुसऱ्या देशात कोणालाच कळत नाही. आणि काही साधी वाटणारी औषधं काही देशांत चालत नाहीत. स्यूडोएफेड्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध) १० टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत. निघण्यापूर्वी त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर बघून घ्या.

आनंदवन_२

आमचा अनुभव आईबाबांचा. बाबा ७४ वर्षांचे, आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आलेले. एका सकाळी ते उठून दारापाशी गेले आणि चप्पल शोधायला लागले, म्हणाले बँकेत जायचंय. त्यांची बँक सात समुद्रापार. आम्हाला वाटलं झोपेत आहेत, हसून परत बसवलं. ताप बघितला तर नाहीच, जेमतेम ९९. संध्याकाळी श्वास जोरात चालायला लागला तेव्हा नेलं, फ्लू आणि न्यूमोनिया दोन्ही. डॉक्टर म्हणाले, म्हाताऱ्या माणसांत पुष्कळदा ताप चढतच नाही, असं बरळणं, गोंधळणं, अचानक गळून जाणं हेच पहिलं लक्षण असतं. ते आपण हसून सोडलं याचं अजून वाईट वाटतं.

त्यात त्यांच्या प्रवासी विम्याचं निघालं भलतंच. आधीपासून असलेला आजार धरत नाही, हे बारीक अक्षरात होतं, बाबांना दमा आहे. आईबाबांसाठी विमा काढताना किंमत बघू नका, एवढ्या गोष्टी बघा : जुने आजार धरतात का, साथीच्या आजाराला वगळलंय का, हॉस्पिटलचं बिल परस्पर भरतात की आधी आपण भरायचं, आणि क्वारंटाइनमुळे मुक्काम वाढला तर मुदत वाढवता येते का. फोनवर विचारू नका, ईमेलवर विचारा म्हणजे लेखी उत्तर राहतं.

वाटसरू७

आनंदवन_२, बाबा आता कसे आहेत?

क्वारंटाइनचं खरंच कोणी धरत नाही हिशेबात. २००९ च्या मे महिन्यात मेक्सिकोहून शांघायमार्गे आलेला एक पर्यटक हाँगकाँगमध्ये पॉझिटिव्ह निघाला आणि तो उतरला होता त्या हॉटेलातली तीनेकशे माणसं, पाहुणे आणि कर्मचारी दोन्ही, सात दिवस आतच ठेवली होती. म्हणून मी रोजची औषधं हॅंडबॅगेत आणि ठरलेल्या दिवसांपेक्षा किमान दोन आठवडे जास्तीची ठेवतो.

आनंदवन_२

छान आहेत, विचारल्याबद्दल आभार. दोन महिन्यांनी परत गेले, आता तिकडे सकाळी फिरायला जातात.

नवीन_पाखरू

मी विद्यार्थी, हॉस्टेलला राहतो. आमच्याकडे सहा जणांत एक बाथरूम आणि एकच किचन आहे, इथे "वेगळ्या खोलीत राहा" वगैरे कसं जमणार? आणि आईला सांगितलं तर ती तिकडे झोपणार नाही, म्हणून मी गेल्या वर्षी पाच दिवस तापात सांगितलंच नव्हतं कोणाला.

उंबरठा

नवीन_पाखरू, अरे असं नको करूस रे. आईला नको सांगूस एक वेळ, पण त्या इमारतीतल्या एका माणसाला तरी सांग. रोज सकाळ-संध्याकाळ दारावर थाप मारून "आहेस ना" विचारणारं कोणीतरी हवंच. आत्ताच, बरा असताना, एखाद्या मित्राशी ठरवून टाक, तू त्याचं बघ, तो तुझं बघेल. जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवायचं, आत यायचं नाही. आजारी असलेल्याने मास्क लावून बाथरूमला जायचं, खिडकी उघडी ठेवायची, नळ आणि कडी पुसून यायचं, टॉवेल आणि ब्रश खोलीतच ठेवायचे. ताप पूर्ण उतरून, तोही गोळी न घेता, चोवीस तास झाल्याशिवाय वर्गात जायचं नाही. आणि युनिव्हर्सिटीच्या आरोग्य केंद्राचा नंबर आज फोनमध्ये टाक.

चैत्रपालवी

माझं बाळ चार महिन्यांचं आहे आणि हे वाचून पोटात गोळा आला. मला फ्लू झाला तर दूध पाजणं थांबवायचं का? त्याला तर लसही देत नाहीत ना एवढ्यात?

ओपीडी

नाही, दूध थांबवू नका, उलट त्यातून बाळाला संरक्षण मिळतं. हात साबणाने धुवायचे, मास्क लावायचा आणि पाजायचं, बाकी वेळ बाळ बऱ्या माणसाकडे. उठवतच नसेल तर दूध काढून द्या, दुसऱ्याने पाजावं. सहा महिन्यांच्या आत बाळाला फ्लूची लस देत नाहीत म्हणून त्याच्या भोवतीच्या सगळ्यांनी घ्यायची, गरोदरपणात घेतली असेल तर तिचाही बाळाला फायदा मिळतो. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला साधा ताप आला तरी घरी वाट बघायची नाही, तुमचं चार महिन्यांचं आहे तरी मी म्हणेन फोन करायला उशीर नको.

मुलांमध्ये मी काय बघतो ते सांगतो. मूल श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय का, ओठ निळसर दिसतायत का, आठ तासांत शू झाली नाही का, रडताना डोळ्यांत पाणी नाही का, उठवलं तरी नीट जागं होत नाही का. यातलं काहीही असलं तर लगेच इमर्जन्सी. मोठ्यांमध्ये दम लागणं, छातीत दुखणं, गोंधळणं, चक्कर न थांबणं. आणि सगळ्यांना लागू असलेलं आणि सगळ्यात जास्त हुकणारं लक्षण म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवशी बरं वाटून ताप उतरतो आणि मग पुन्हा चढतो, खोकला वाढतो. घरचे म्हणतात पुन्हा सर्दी झाली असेल, आणि तो न्यूमोनिया असतो. दुसऱ्यांदा चढलेल्या तापाला कधीही घरी बसवून ठेवू नका.

बाकी नुसता ताप-अंगदुखी असेल तर थेट दवाखान्यात जाऊन वेटिंग रूममध्ये बसू नका, आधी फोन करा. साथीत बऱ्याच ठिकाणी वेगळं दार, वेगळी वेळ ठेवलेली असते.

पारिजात_म

थर्मामीटरचं पण लिहा कोणीतरी. इकडचे बहुतेक सेल्सिअसमध्ये दाखवतात आणि आईबाबा फॅरनहाइटवाले. ३९.४ वाचून त्यांना काहीच अंदाज येत नाही, ते १०३ असतं. ३८ म्हणजे १००.४. आमच्याकडे मी थर्मामीटरच्या डबीलाच चिठ्ठी चिकटवलीये.

उंबरठा

चिठ्ठीवरून आठवलं, माझ्या मूळ प्रश्नाचं आमच्याकडे पुढे काय केलं ते लिहायचं राहिलंच. बरं वाटल्यावर पहिल्या रविवारी मी खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या दारात गेले. तोवर आमचं फक्त लिफ्टमध्ये हसणं होतं. भाषा तोडकीमोडकी, पण सरळ विचारलं की आम्ही दोघं एकदम आजारी पडलो तर माझ्या मुलीला बघाल का, मी तुमच्या मुलांना बघेन. मला विचारायला एवढी लाज वाटत होती की दारात दोनदा जाऊन परत आले होते. त्या म्हणाल्या, माझं पण इथे कोणी नाही, मला वाटत होतं मीच विचारावं.

मग दोघींनी एकमेकींना किल्ली दिली आणि एक कागद. त्या कागदावर मुलांची पूर्ण नावं, जन्मतारीख, वजन (दर सहा महिन्यांनी खोडून नवीन लिहायचं), कशाची ऍलर्जी, डॉक्टरांचा नंबर, विम्याचा नंबर, शाळेचा नंबर, आणि "हिला डॉक्टरकडे न्यायला आमची परवानगी आहे" असं दोघांच्या सहीने. काही देशांत हे नुसत्या सहीने चालत नाही, नोटरी लागते, तेवढं आपापल्या गावी विचारून घ्या. फ्रिजवर मोठ्या अक्षरांत इमर्जन्सीचा नंबर, तो प्रत्येक देशात वेगळा, युरोपभर ११२, अमेरिका-कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात ०००, न्यूझीलंडमध्ये १११. लेकीला घराचा पत्ता पाठ करून घेतला आणि फोनला लॉक असतानाही इमर्जन्सी कॉल कसा लावायचा ते दाखवलं, तीन वर्षांची पोर, चार दिवसांत शिकली.

आणि किचनमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात, तिच्या हाताला लागेल असं, बिस्किटं, पाण्याच्या छोट्या बाटल्या आणि दुधाची छोटी पाकिटं. ती अजूनही तिथेच ठेवते मी, लेक आता कॉलेजला आहे तरी.

चैत्रपालवी

उंबरठाताई, मी आत्ता समोरच्या फ्लॅटची बेल वाजवून आले. दोघी घाबरलेल्या होतो. उद्या संध्याकाळी चहाला येतेय ती, कागद घेऊन.